अमेरिकी ग्राहकांशी बोलायला शिकवणारा कॉलेज रोडवरील वर्ग : एक परीक्षण

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्याचा निर्यात विभाग मी सांभाळते. आमचे बरेचसे ग्राहक अमेरिकेतले, मुख्यत्वे मिशिगन, ओहायो, विस्कॉन्सिन आणि टेक्सास या राज्यांतले आहेत, त्यामुळे विभागात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच महिन्यात त्यांच्याशी फोनवर बोलावे लागते आणि ई-मेल लिहावे लागतात. त्यांची तयारी व्हावी म्हणून कंपनीने त्यांना कॉलेज रोडवरील एका संस्थेच्या ‘अमेरिकी ग्राहकांशी संवाद’ या अभ्यासक्रमाला पाठवायचे ठरवले आणि त्यांच्यासोबत मीही पूर्ण वर्ग केला. त्याचे हे परीक्षण. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण मला दिसलेले दोष या एका संस्थेपुरते नाहीत. आमच्याकडे नोकरीसाठी येणाऱ्या उमेदवारांकडून पुण्या-मुंबईतल्या अशाच वर्गांच्या नोट्स मी पाहिल्या आहेत आणि थोड्याफार फरकाने तोच मजकूर त्यांतही आहे.

अभ्यासक्रम चार शनिवारांचा असून वेळ दुपारी ३ ते ६ आणि फी ५,५०० रुपये आहे. बॅच विसेक जणांची असते. जागा दुसऱ्या मजल्यावर, हवेशीर आहे, प्रोजेक्टर नीट चालतो आणि मधल्या सुट्टीत चहा मिळतो. मात्र शनिवारी त्या भागात गाडी लावायला जागा मिळणे कठीण असल्यामुळे रिक्षाने गेलेले बरे. शिकवणाऱ्या मॅडमनी पुण्याच्या कॉल सेंटरमध्ये बरीच वर्षे रात्रपाळी केलेली आहे, आणि फोनवरच्या बोलण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारे नाशिकमध्ये कुणी असेल असे मला वाटत नाही. समोरच्याचे बोलणे समजले नाही तर त्याला अवघडल्यासारखे न वाटू देता पुन्हा कसे विचारावे, फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा घोटाळा टाळण्यासाठी अंक सुटे कसे म्हणावेत, फोन ठेवण्यापूर्वी ठरलेल्या गोष्टींची उजळणी कशी करून घ्यावी, हे त्या इतके नेमके शिकवतात की आमच्या विभागातली सगळ्यांत बुजरी मुलगीही अभ्यासक्रम संपण्याआधीच स्वतःहून फोन उचलू लागली. एवढ्या एका गोष्टीसाठी फी वसूल झाली असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

पहिल्या शनिवारचा भाग म्हणूनच मला जास्त खटकला. त्या दिवशी तिन्ही तास ‘अमेरिकन माणसाची ओळख’ करून देण्यात जातात आणि सुरुवातीलाच हातात एक कागद दिला जातो. कागदावर दोन रकाने आहेत. डावीकडचा अमेरिकन मोठ्याने बोलतो, सतत हसतो, तोंडावर स्पष्ट सांगतो, पैशाचा विचार आधी करतो, वेळेला पक्का असतो, नातेवाइकांत रमत नाही, भरपूर खातो, घरात बंदूक बाळगतो आणि आपल्या देशापलीकडचा भूगोल त्याला ठाऊक नसतो. उजवीकडचा भारतीय नम्र, लाजाळू, कुटुंबवत्सल, वेळेच्या बाबतीत ढिला असतो आणि त्याच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघत नाही. सगळ्या वर्गाने हसत हसत हा कागद वाचला आणि महत्त्वाच्या ओळींखाली पेनाने रेघा मारल्या. २०२० च्या जनगणनेनुसार ३३ कोटींहून अधिक लोकवस्ती असलेला, ५० राज्यांचा तो देश अशा रीतीने अर्ध्या पानात आटोपला.

अशा याद्या करण्याचा प्रकार जुना आहे आणि त्याचा अभ्यासही तितकाच जुना आहे. १९३३ साली डॅनियल कॅट्झ आणि केनेथ ब्रेली या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या १०० विद्यार्थ्यांना ८४ विशेषणांची यादी देऊन दहा वेगवेगळ्या समाजांना लागू पडतील ती विशेषणे निवडायला सांगितली होती. अमेरिकी लोकांना, म्हणजे स्वतःलाच, त्या मुलांनी कष्टाळू, बुद्धिमान, पैशामागे धावणारे आणि महत्त्वाकांक्षी ठरवले. तुर्कांना क्रूर ठरवले. त्यांतल्या बहुतेकांचा तुर्कांशी कधी संबंध आलेला असण्याचे कारणच नव्हते, तरीही इतक्या जणांचे त्या एका शब्दावर एकमत झाले. ठसा पक्का असण्यासाठी परिचय असावाच लागतो असे नाही, ही गोष्ट तेव्हापासून नोंदलेली आहे. आमच्या वर्गातल्या मुलांपैकी अमेरिकी माणसाशी प्रत्यक्ष बोललेले फारच थोडे होते आणि डावा रकाना कागद मिळण्यापूर्वीच त्यातल्या बहुतेकांना पाठ होता.

२००५ साली प्रसिद्ध झालेले संशोधन यापुढे गेले. अँटोनियो टेरासियानो, रॉबर्ट मॅक्रे आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी ४९ समाजांतल्या सुमारे ४,००० लोकांना ‘तुमच्या समाजातला नमुनेदार माणूस कसा असतो’ असे विचारले आणि ती उत्तरे त्याच समाजांतल्या खऱ्याखुऱ्या माणसांच्या स्वभावाच्या मोजमापांशी ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ बसला नाही. अमेरिकी माणूस आपले म्हणणे रेटणारा आणि शेजारचा कॅनडियन पडते घेणारा, असे दोन्ही देशांतले लोक स्वतःबद्दलही मानत होते. मोजून पाहिल्यावर मात्र दोघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे एखाद्या समाजाने स्वतःचे केलेले वर्णनही त्याच्या स्वभावाचा भरवशाचा पुरावा ठरत नाही, मग हजारो मैलांवरून दुसऱ्याने केलेले वर्णन किती भरवशाचे मानायचे?

वर्गात एक शास्त्रीय तक्ताही दाखवला जातो. डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून तयार केलेले हे आकडे आहेत आणि अशा प्रशिक्षणांत ते हमखास असतात. साधारण शून्य ते शंभरच्या मोजपट्टीवर व्यक्तिवादात अमेरिका ९१ आणि भारत ४८. अधिकाराची उतरंड निमूट मान्य करण्यात अमेरिका ४० आणि भारत ७७. काम नावाजलेले आहे यात शंका नाही, परंतु हे आकडे पन्नास वर्षांहून जुने आहेत, एकाच कंपनीतल्या लोकांचे आहेत आणि ते देशाच्या सरासरीचे आहेत. सरासरीवरून एकट्या माणसाचा स्वभाव ताडू नये, असे खुद्द हॉफस्टेड वारंवार बजावत असत. मॅडमनी मात्र तक्ता दाखवून लगेच ‘म्हणून तुमचा ग्राहक फक्त स्वतःपुरते पाहील, हे गृहीत धरून चाला’ असे सांगितले, आणि जे इशाऱ्यासकट द्यायला हवे होते ते इशारा काढून दिले गेले.

याचा परिणाम काय होतो ते मला लांब जाऊन शोधावे लागले नाही. आमचे विस्कॉन्सिनमधले एक खरेदी अधिकारी फार सावकाश आणि हळू आवाजात बोलतात. भाव ऐकला की काही क्षण गप्प राहतात, कारण ते आकडा कागदावर लिहून घेत असतात. वर्ग सुरू असतानाच आमच्या विभागातल्या एका नव्या मुलाने त्यांना दर सांगितला, पलीकडे शांतता पसरली, आणि अमेरिकन माणूस खूश असता तर मोठ्याने तसे म्हणाला असता, या समजुतीवर विसंबून त्याने मागितलेली नसताना दोन टक्के सवलत देऊन टाकली. पलीकडून ‘थँक यू’ आले, तेही तितक्याच हळू आवाजात. मुलगा हुशार आहे, इंग्रजी चांगले बोलतो. त्याचे कान जे ऐकत होते त्यापेक्षा कागदावरच्या ओळीवर त्याने अधिक विश्वास ठेवला, इतकेच घडले.

दुसऱ्या शनिवारी रोल प्ले असतो. दोघांनी समोर यायचे, एकाने ग्राहक आणि दुसऱ्याने आपल्या कंपनीचा माणूस व्हायचे, आणि माल उशिरा पोहोचल्याची तक्रार हाताळून दाखवायची. कल्पना उत्तम आहे. आमच्या निफाडच्या एका मुलाला ग्राहक केल्याबरोबर त्याने समोरच्या खुर्चीवर पाय टाकले, तोंडात च्युइंग गम असल्यासारखा जबडा हलवायला सुरुवात केली आणि ‘हे मॅन’ म्हणून वरच्या पट्टीत ओरडायला लागला. वर्ग हसून लोळला. मॅडमनी उत्तर देणाऱ्या मुलीच्या वाक्यरचना एकेक करून सुधारल्या, अगदी नेमक्या सुधारल्या, पण त्या ग्राहकाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. हा मुलगा ज्या ग्राहकाशी रोज बोलणार आहे, त्या मिशिगनमधल्या डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग पाहणाऱ्या बाई आहेत. त्यांचे आईवडील लेबनॉनमधून तिकडे गेले. त्या भागातल्या डिअरबॉर्न शहरात अरब वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे, फोर्डचे मुख्यालयही तिथेच आहे. आमच्या टेक्सासच्या ग्राहकाचा हिशेब पाहणारे गृहस्थ ह्यूस्टनमधल्या व्हिएतनामी वस्तीत वाढले. खुर्चीवर पाय टाकून बसलेला तो अमेरिकन आमच्या कामात अजून तरी कुणाला भेटलेला नाही.

यानंतर तिसरा शनिवार येतो आणि हाच वर्ग, याच मॅडम, पूर्णपणे वेगळ्या वाटायला लागतात. या दिवशी विषय असतो अमेरिकेतले नोकरीचे आणि व्यवहाराचे नियम. अभ्यासक्रमातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि तो मोलाचा होण्याचे कारण असे की येथे माणसाच्या वागण्याचे मूळ त्याच्या रक्तात शोधले जात नाही. तो ज्या परिस्थितीत राहतो आणि काम करतो ती परिस्थिती समजावून दिली जाते.

उदाहरणार्थ टिपचे घ्या. हॉटेलात बिलावर १५-२० टक्के टिप ठेवणारा अमेरिकन आपल्याकडे पैसे उधळणारा ठरतो आणि वेटरचे हसू नाटकी ठरते. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन संघराज्याच्या कायद्यानुसार १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर एवढेच आहे. सर्वसाधारण किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे आणि मधली तूट टिपमधून भरून निघणे अपेक्षित असते. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत टिप वेतनात धरायची नाही, मालकाने पूर्ण वेतन द्यायचे, असा नियम आहे. एवढे कळले की टिप ठेवणे हा सढळपणाचा प्रश्न राहत नाही आणि त्या हसण्यामागे कुणाचा तरी घरखर्च उभा असल्याचे लक्षात येते.

सुट्ट्यांचेही तसेच आहे. ‘अमेरिकन लोक कामाशिवाय दुसरे काही जाणत नाहीत’ हे वाक्य पहिल्या शनिवारच्या कागदावर होते. तिसऱ्या शनिवारी कळते की खासगी नोकरदाराला पगारी रजा दिलीच पाहिजे असा संघराज्याचा कायदाच तिथे नाही, १९३८ चा श्रमविषयक कायदाही ती सक्ती करत नाही. मोन्टाना सोडून इतर राज्यांत, काही अपवाद वगळता, मालक कोणतेही कारण न देता नोकरी संपवू शकतो आणि बऱ्याच जणांचा आरोग्य विमा नोकरीशी बांधलेला असतो. ज्या माणसाशी आपण वर्षानुवर्षे बोलतो आहोत त्याचा ई-मेल एका सोमवारी परत येतो आणि त्याच्या जागी नवीच व्यक्ती उत्तर देते, हा अनुभव निर्यातीच्या कामात असलेल्या प्रत्येकाला आहे. त्याला ‘अमेरिकनांना माणसाची किंमत नसते’ असे म्हणून मोकळे होणारे मी पाहिले आहेत. निरोप न घेता गेलेल्या त्या माणसाला निरोप घ्यायला वेळच मिळालेला नसतो.

हसण्याविषयी मॅडमनी जे सांगितले ते मला नवे होते आणि मी ते नंतर मुद्दाम वाचून पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ३२ देशांतल्या लोकांवरच्या एका अभ्यासात असे दिसले की ज्या देशांत गेल्या पाचशे वर्षांत पुष्कळ वेगवेगळ्या ठिकाणांहून माणसे येऊन वसली, तिथे भावना उघडपणे दाखवणे अधिक योग्य मानले जाते. संशोधकांचा तर्क असा की शेजाऱ्याची भाषा आणि रीत आपल्याला येत नसेल, तर आपला हेतू चांगला आहे हे चेहऱ्यावरूनच कळवावे लागते. हा तर्क आहे, अंतिम निकाल नव्हे, आणि मॅडमनीही तो तर्क म्हणूनच सांगितला. हा सावधपणा पहिल्या शनिवारी कुठे गेला होता, हे मला अजून कळलेले नाही.

भूगोलाच्या अज्ञानाचा मुद्दा मात्र तिसऱ्या शनिवारीही सुटला नाही. रस्त्यावर लोकांना अडवून नकाशावर देश दाखवायला सांगणारी एक चित्रफीत मध्यंतरात सगळ्यांनी एकमेकांच्या मोबाइलवर पाहिली. अशी चित्रफीत कॉलेज रोडवरही एका संध्याकाळी तयार होईल. चुकलेली उत्तरे ठेवायची आणि बरोबर उत्तरे कापायची, एवढेच करावे लागते. ‘त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नसतो’ हे वाक्यही हमखास ऐकू येते. २०२३ मध्ये वैध अमेरिकी पासपोर्टांची संख्या सुमारे १६ कोटी होती, म्हणजे निम्म्या लोकसंख्येच्या आसपास. शिवाय २००९ पर्यंत अमेरिकी नागरिकाला कॅनडात किंवा मेक्सिकोत रस्त्याने जाऊन परत यायला पासपोर्ट लागत नसे. आपल्याकडे पासपोर्ट असलेल्यांचे प्रमाण दहा टक्क्यांनाही पोहोचत नाही, आणि त्यावरून आपल्याला जगाची उत्सुकता नाही असा निष्कर्ष कुणी काढला तर आपण तो मान्य करणार नाही.

बंदुकीबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यावर वर्गात सर्वाधिक चर्चा झाली. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेत १७९१ मध्ये झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीतून आलेला आहे, आणि बंदुकांनी होणारे मृत्यू हा तिथला खराखुरा, गंभीर प्रश्न आहे. तो झाकण्याचे काही कारण नाही. पण पाहण्यांनुसार स्वतःची बंदूक असल्याचे सांगणारे प्रौढ साधारण एक तृतीयांश आहेत, म्हणजे बहुसंख्य लोकांकडे ती नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ती एकाच कारणासाठी नाही. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. तो हळू आवाजात बोलणारा आमचा अधिकारी त्या आठवड्यात दरवर्षी रजेवर असतो, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नमुन्यांना मंजुरी घेतली नाही तर काम थेट डिसेंबरवर जाते. ‘अमेरिकन बंदूक बाळगतो’ या ओळीतून आमच्या विभागाला काही हाती लागत नाही, हंगामाच्या तारखेतून मात्र पुढच्या महिन्याचे सगळे वेळापत्रक लागते.

व्यवहाराची अशीच आणखी काही माहिती अभ्यासक्रमात असायला हवी होती आणि ती नाही, ही माझी दुसरी मोठी तक्रार. तारीख लिहिताना तिकडे महिना आधी येतो, हे सांगितले जाते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, त्यामुळे आपल्या संध्याकाळी सातला डेट्रॉइटमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, हे सांगितले जात नाही. ॲरिझोनाचा बहुतांश भाग घड्याळे बदलतच नाही, हेही नाही. नाशिकच्या वर्गाला येणारी निम्मी मुले कारखान्यांतली असतात, तरीही अमेरिकी ड्रॉइंग थर्ड अँगल पद्धतीने, म्हणजे वस्तूचे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या वर ठेवून, काढलेले असते आणि आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणजे तेच दृश्य खाली ठेवायला, शिकवतात, त्यामुळे वरचे दृश्य खाली समजले जाऊन भाग उलटा बनू शकतो, याचा साधा उल्लेखही नाही. इंचाच्या हजाराव्या भागाला तिकडचे कारागीर ‘थाउ’ म्हणतात. फोनवर ‘फाइव्ह थाउ’ ऐकून त्याचे ०.१२७ मिलिमीटर करता येणे हा आमच्या कामातला सांस्कृतिक परिचयच आहे. या गोष्टींसाठी एक तास काढला तर पहिल्या शनिवारच्या तीन तासांपेक्षा जास्त उपयोग होईल.

चौथ्या शनिवारी खुली चर्चा होती आणि ती आयातशुल्कावर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, तेव्हापासून अंबड-सातपूरमध्ये ‘अमेरिकन लोक असेच’ हे वाक्य रोजचे झाले होते. राग समजण्यासारखा आहे, कारण थांबलेल्या ऑर्डरींचा फटका ओव्हरटाइमवर घर चालवणाऱ्या माणसांना बसला. पण आयातशुल्क सीमेवर भरतो तो तिकडचा आयातदार. आमचा ओहायोचा ग्राहक रोज फोन करून वाढीव खर्चाचा किती भाग कुणी सोसायचा याची आमच्याइतकीच चिंता करत होता. एखाद्या सरकारचे धोरण आणि त्या देशातला माणूस यांत जग एरवी फरक करते. प्यू रिसर्च सेंटर या जनमताच्या पाहण्या करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या २००० नंतरच्या दशकातल्या पाहण्यांत अनेक देशांमध्ये अमेरिकेविषयीचे मत घसरत असताना अमेरिकी लोकांविषयीचे मत त्याहून बरे राहिलेले दिसते. मॅडमनी ही चर्चा संयमाने हाताळली, कुणाचा राग दाबला नाही आणि कुणाला भडकूही दिले नाही. त्यांच्या चांगल्या शिक्षिका असण्याचा हा मला सर्वांत ठोस पुरावा वाटला.

पहिल्या शनिवारच्या कागदावरच्या उजव्या, म्हणजे भारतीयांच्या रकान्याबद्दलही लिहिले पाहिजे. आमच्या कारखान्याला भेट द्यायला आलेल्या एका अमेरिकी अभियंत्याकडे असाच एक कागद होता. त्याच्या कंपनीने भारतात येण्यापूर्वी त्याला दिलेला. त्यावर ‘भारतीय कधी नाही म्हणत नाहीत’ अशी ओळ होती. तो सज्जन माणूस होता, त्याने मला तो कागद उघडपणे दाखवला आणि विचारले की तुमचे ‘हो’ आले तर मी ते किती धरायचे. मला त्याला सांगता आले, कारण मी इथे राहते : ज्या पोराला तुम्ही फोनवर विचारता त्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिलेला नसतो, साहेबांना विचारल्याशिवाय तो नकार देऊ शकत नाही, आणि साहेब तेव्हा कारखान्यात यंत्रांपाशी असतात. पुढच्या वेळी त्याला ‘हो की नाही’ विचारू नका, ‘कोणत्या तारखेला’ असे विचारा. त्याने ते लिहून घेतले आणि कागदावरची मूळ ओळ खोडली. नाशिकला २०१५ मध्ये कुंभमेळा झाला तेव्हा रामकुंडावरच्या साधूंची छायाचित्रे जगभर गेली, आणि आम्हाला अजूनही काही जण विचारतात की तुमच्या शहरात सगळे असेच राहतात का. ज्यांना स्वतःबद्दल हा प्रश्न लागतो, त्यांनी दुसऱ्याबद्दलचा कागद इतक्या सहज हातोहात वाटावा, याचे मला वाईट वाटते.

वाचनासाठी काही सुचवावे, अशी विनंती मी मॅडमना केली आणि माझ्याकडून एक नावही सुचवले. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तो १८८६ चा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, जवळजवळ तीन वर्षे तिथे राहिल्या, आणि त्या देशातल्या लोकजीवनाविषयीचे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या संस्था, शाळा, कामाची पद्धत यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले आणि मूळ रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेला अन्यायही तितक्याच स्पष्टपणे लिहिला. त्यांनी संस्था पाहिल्या, कायदे समजून घेतले, माणसांच्या घरी राहिल्या आणि मग लिहिले. अमेरिकेकडे अशा रीतीने पाहण्याची परंपरा आपल्याच भाषेत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, तेव्हा वर्गात कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेली यादी वाटण्याची गरज नाही.

हा वर्ग कुणी करावा, असे विचाराल तर ज्यांना फोनवर बोलण्याची भीती वाटते त्यांनी तो जरूर करावा. शिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या मुलांनाही तिसऱ्या शनिवारचा उपयोग होईल. २०२३-२४ मध्ये तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या ३,३१,६०२ होती आणि ती सर्व देशांत सर्वाधिक होती, त्यामुळे नाशिकच्याही पुष्कळ घरांना हा विषय जवळचा आहे. त्या मुलांना बँकेत खाते कसे उघडतात, दवाखान्यात विम्याचे कार्ड का मागतात, घर भाड्याने घेताना अनामत किती जाते, याची माहिती मात्र इथे मिळणार नाही. ज्यांना अमेरिकी ग्राहकांशी कामाचा आधीच अनुभव आहे, त्यांनी ५,५०० रुपये खर्च करू नयेत.

अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये मी हे सगळे लिहून दिले आहे आणि पहिल्या शनिवारच्या कागदाऐवजी वापरता येतील असे आमच्या कामातले काही प्रसंग, ग्राहकांची नावे काढून, सोबत जोडले आहेत. मॅडमनी ते वाचून पुढच्या बॅचपूर्वी फोन करते म्हणून सांगितले. संस्था सुटे शनिवार देत नाही, फी चारही दिवसांची भरावी लागते, आणि ती आम्ही भरू. पण पुढच्या खेपेला आमच्या नव्या मुलांना मी दुसऱ्या शनिवारपासून पाठवणार आहे. पहिल्या शनिवारी दुपारी ती आमच्याच विभागात बसून मिशिगन, ओहायो, विस्कॉन्सिन आणि टेक्सासच्या ग्राहकांबरोबरचा गेल्या वर्षाचा ई-मेल व्यवहार ओळीने वाचतील आणि कोण कसे लिहितो ते आपल्या शब्दांत मला सांगतील.